टेदरिंग : भ्रमणध्वनीच्या जोडवापरावरील नियमांचा इतिहास

टेदरिंग : भ्रमणध्वनीला मिळणारी आंतरजालाची जोडणी त्याच्यामार्फत संगणक, टॅब्लेट यांसारख्या दुसऱ्या साधनाला पुरविण्याची क्रिया. जनावर दाव्याने खुंटीला बांधून ठेवणे, असा मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ आहे. प्रारंभी संगणक व भ्रमणध्वनी तारेने जोडावे लागत, त्यावरून ही संज्ञा रूढ झाली. पुढे तारेची जागा ब्लूटूथ व वाय-फाय या बिनतारी पद्धतींनी घेतली आणि भ्रमणध्वनीभोवती निर्माण होणाऱ्या अशा छोट्या जाळ्यास ‘हॉटस्पॉट’ म्हटले जाऊ लागले. ही क्रिया तांत्रिक दृष्ट्या अवघड नाही. तरीही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सेवादात्या कंपन्यांनी ती दीर्घकाळ निषिद्ध ठरविली किंवा तीसाठी स्वतंत्र आकार लावला. ग्राहकाने विकत घेतलेल्या साधनावर आणि मोल देऊन घेतलेल्या सेवेवर कंपनीचा अधिकार कोठवर चालतो, हा या वादातील मुख्य प्रश्न होय. तो भ्रमणध्वनीच्याही आधीपासूनचा आहे.

पूर्वपीठिका : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील दूरध्वनी व्यवसाय बव्हंशी ए. टी. अँड टी. या कंपनीच्या हाती होता. तारांपासून घरातील दूरध्वनी यंत्रापर्यंत सर्व सामग्री कंपनीच्या मालकीची असे व ग्राहक ती भाड्याने वापरी. कंपनीने न पुरविलेले कोणतेही साधन तिच्या यंत्रास जोडू नये, असे तिच्या दरपत्रकातील कलम होते. अशा साधनांना ‘परकी जोडणी’ असे नाव होते. जाळ्याची सुरक्षितता व सेवेचा दर्जा टिकविण्यासाठी हे कलम आवश्यक आहे, अशी कंपनीची भूमिका होती.

या कलमाला पहिला महत्त्वाचा धक्का हश-अ-फोन या अगदी साध्या साधनाने दिला. दूरध्वनीच्या बोलण्याच्या भागावर बसविण्याचे ते पेल्यासारखे आवरण होते. त्यामुळे बोलणाऱ्याचा आवाज शेजारच्यास ऐकू जात नसे. त्यात विजेचा किंवा तारेचा काहीही संबंध नव्हता. तरीही कंपनीने त्याच्या वापरास हरकत घेतली. उत्पादकाने १९४८ मध्ये फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या १९३४ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या नियामक आयोगाकडे तक्रार केली. आयोगाने १९५५ मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल दिला. परंतु वॉशिंग्टन येथील संघीय अपील न्यायालयाने १९५६ मध्ये तो रद्द केला. सार्वजनिक हिताला बाधा न आणता आपल्या सोयीसाठी दूरध्वनीचा वाजवी वापर करण्याचा ग्राहकाला हक्क आहे, हे तत्त्व या निकालाने प्रस्थापित झाले.

दुसरा व अधिक दूरगामी निर्णय कार्टरफोनसंबंधीचा होता. टेक्सस राज्यातील टॉमस कार्टर यांनी दूरध्वनी आणि दुहेरी संभाषणाचा रेडिओ संच यांची सांगड घालणारे साधन तयार केले. दूरध्वनीची मूठ एका खोबणीत ठेवली की, दूरवरच्या तेलक्षेत्रात किंवा पशुपालन केंद्रावर रेडिओ संच घेऊन काम करणाऱ्या माणसाला दूरध्वनीवरील व्यक्तीशी बोलता येई. १९५९ ते १९६६ या काळात असे सुमारे ३,५०० संच विकले गेले. दूरध्वनी कंपनीने त्यांच्या वापरास मनाई केली. प्रकरण प्रथम न्यायालयात व तेथून आयोगाकडे गेले. २६ जून १९६८ रोजी आयोगाने परक्या जोडणीवरील सरसकट बंदी अवाजवी व बेकायदेशीर ठरविली. जोडलेल्या साधनामुळे जाळ्याला खरोखर अपाय होत असेल, तर कंपनीने तेवढ्यापुरते निर्बंध घालावेत, असा या निर्णयाचा आशय होता. कंपनीने प्रथम स्वतःचे संरक्षक उपकरण मध्ये बसविण्याची अट घातली. आयोगाने १९७५ मध्ये साधनांच्या नोंदणीचे नियम केल्यावर आणि १९७७ मध्ये त्यांवरील न्यायालयीन वाद संपल्यावर ही अडचण दूर झाली. प्रमाणित खटका असलेली कोणतीही नोंदणीकृत वस्तू भिंतीवरील खोबणीत बसविता येऊ लागली. उत्तर देणारी यंत्रे, फॅक्स यंत्रे आणि विशेषतः मोडेम यांचा घरोघर झालेला प्रसार यामुळेच शक्य झाला. कंपनीची हद्द भिंतीवरील खोबणीपाशी संपते, ही कल्पना तारेच्या दूरध्वनीपुरती रुजली.

भ्रमणध्वनीची वेगळी वाट : भ्रमणध्वनीच्या बाबतीत अशी खोबणी नव्हती. रेडिओ कंप्रतांचा पट्टा मर्यादित असतो. एका मनोऱ्याच्या क्षेत्रातील सर्व ग्राहकांना तो वाटून घ्यावा लागतो, त्यामुळे एकाच्या जादा वापराचा परिणाम इतरांच्या सेवेवर होतो. या कारणास्तव कोणते संच आपल्या जाळ्यावर चालू द्यायचे, हे ठरविण्याची मुभा कंपन्यांकडे राहिली. १९९२ मध्ये आयोगाने संच व सेवा एकत्र विकण्यास परवानगी दिली. सेवा स्वतंत्रपणेही उपलब्ध असावी, एवढीच अट घातली. त्यातून संच सवलतीत देऊन ग्राहकाला ठरावीक मुदतीच्या कराराने बांधून घेण्याची पद्धत अमेरिकेत रूढ झाली. परिणामी संचातील कोणत्या सोयी चालू ठेवायच्या व कोणत्या बंद करायच्या, हेही बव्हंशी सेवादात्या कंपनीच्या इच्छेवर अवलंबून राहिले.

२००३ नंतर तिसऱ्या पिढीची जलद डेटासेवा सुरू झाली. संगणकात बसविण्याच्या रेडिओ पत्त्यासाठी महिन्याला सुमारे ६० डॉलर, तर भ्रमणध्वनीच्या छोट्या पडद्यासाठी त्याहून बराच कमी, असे दोन दर प्रचलित झाले. दुसरा दर बहुधा ‘अमर्याद’ म्हणून जाहीर केला जाई. कारण त्या पडद्यावर माणूस फारसा डेटा वापरू शकणार नाही, हे त्यात गृहीत होते. टेदरिंगमुळे हे गृहीतच कोसळत होते. भ्रमणध्वनीचा स्वस्त दर भरून संगणकाची गरज भागविणारा ग्राहक कंपनीच्या दृष्टीने लबाडी करीत होता. ग्राहकाच्या दृष्टीने तो ‘अमर्याद’ या शब्दाचा सरळ अर्थ घेत होता. संगणकासाठीच्या महाग सेवेतही हा शब्द निसंदिग्ध नव्हता. जादा वापराच्या कारणावरून ‘अमर्याद’ सेवेचे ग्राहक तोडल्याबद्दल व्हेरायझन वायरलेस या कंपनीने ऑक्टोबर २००७ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्याशी तडजोड केली आणि अशा ग्राहकांना सुमारे १० लाख डॉलर परत देण्याचे मान्य केले.

टेदरिंग ओळखण्याची रीत : टेदरिंग करताना भ्रमणध्वनी छोट्या मार्गकाचे काम करतो. संगणकाकडून आलेली डेटाची पाकिटे तो स्वतःच्या पत्त्याने पुढे पाठवितो, त्यामुळे वरवर पाहता ती भ्रमणध्वनीचीच वाटतात. मात्र प्रत्येक पाकिटावर त्याच्या आयुर्मर्यादेचा एक आकडा असतो व वाटेतील प्रत्येक मार्गक तो एकाने कमी करतो. मूळ आकडा ६४ असेल, तर भ्रमणध्वनीतून थेट निघालेले पाकीट ६४ या आकड्यासह मनोऱ्याकडे जाते. संगणकाकडून आलेले ६३ या आकड्यासह जाते. एवढ्या फरकावरून कंपनीला दुसऱ्या साधनाचा सुगावा लागू शकतो. आंतरजाल न्याहाळण्याच्या प्रणाली आपले नाव व प्रकार कळवितात, त्यावरूनही अंदाज बांधता येतो. याहून सोपा मार्ग म्हणजे संचातील प्रणालीतच कुलूप ठेवणे. टेदरिंगची कळ दाबताच संच कंपनीकडे परवानगी विचारतो आणि ग्राहकाने जादा आकार भरलेला नसल्यास ती सोय सुरू होत नाही. ग्राहकाच्या मालकीचे यंत्र अशा रीतीने कंपनीचे पहारेकरी बनते.

आयफोन व ए. टी. अँड टी. : हा वाद सर्वसामान्य ग्राहकांपर्यंत पोहोचला तो ॲपल कंपनीच्या आयफोनमुळे. २९ जून २००७ रोजी विक्रीस आलेल्या या संचाची अमेरिकेतील सेवा केवळ ए. टी. अँड टी. कडून मिळत असे. ही कंपनी म्हणजे कार्टरफोनला विरोध करणारी जुनी संस्था जशीच्या तशी नव्हे. जुन्या संस्थेचे १९८४ मध्ये विभाजन झाले होते. त्यातून निघालेल्या एका प्रादेशिक कंपनीने २००५ मध्ये मूळ कंपनीचा उरलेला भाग विकत घेऊन तिचे नाव धारण केले. जुन्या वादाचा वारसा मात्र तिच्याकडे आला. २००८ च्या उन्हाळ्यात आयफोनवर टेदरिंग करू देणारी नेटशेअर ही प्रणाली ॲपलच्या विक्रीकेंद्रात दाखल झाली व लवकरच काढून टाकण्यात आली. २००९ च्या वसंतात गूगलनेही टी-मोबाइल कंपनीच्या अटींचा हवाला देऊन अशीच एक प्रणाली आपल्या बाजारातून हटविली.

८ जून २००९ रोजी सॅन फ्रॅन्सिस्को येथील विकासकांच्या परिषदेत ॲपलने आयफोन ३ जीएस हा नवा संच आणि आयफोनची तिसरी कार्यप्रणाली जाहीर केली. कार्यप्रणालीत तारेने व ब्लूटूथने टेदरिंग करण्याची सोय होती. मात्र ती देणाऱ्या देशोदेशींच्या कंपन्यांच्या यादीत ए. टी. अँड टी. चे नाव नव्हते. १९ जून रोजी संच विक्रीस आला, तेव्हा अमेरिकन ग्राहकाच्या हाती असलेल्या यंत्रात ही सोय होती, परंतु ती वापरण्याची अनुमती नव्हती. कॅनडातील रॉजर्स कंपनीने महिन्याला किमान १ गिगाबाइट डेटा घेणाऱ्यांना ती प्रारंभी जादा आकार न लावता दिली. ब्रिटनमधील ओ-टू कंपनीने ३ गिगाबाइटसाठी दरमहा सुमारे १५ पौंड आकारले. यंत्र एकच असून सीमेच्या अलीकडे व पलीकडे त्याची उपयुक्तता निराळी होती. कंपनीची मूळ अनुमती-धारिका बदलून ही सोय चालू करण्याची युक्तीही काही काळ प्रचलित होती. पुढील सुधारणेत ॲपलने ती बंद केली.

कंपनीची अडचण केवळ काल्पनिक नव्हती. आयफोनच्या प्रसारामुळे न्यूयॉर्क व सॅन फ्रॅन्सिस्को या शहरांत तिच्या जाळ्यावर असह्य ताण पडला होता आणि संभाषणे तुटण्याच्या तक्रारी सर्वत्र ऐकू येत होत्या. स्मार्टफोनधारकांपैकी सुमारे ३ टक्के लोक एकूण डेटापैकी ४० टक्के वापरतात, असे कंपनीच्या भ्रमणध्वनी विभागाचे प्रमुख राल्फ द ला व्हेगा यांनी डिसेंबर २००९ मध्ये सांगितले. जाळे वाढविण्यास काळ व भांडवल लागते. तोवर संगणकांचा भार त्यावर टाकणे धोक्याचे होते.

अखेर टेदरिंग आले, ते ‘अमर्याद’ सेवेच्या शेवटाबरोबरच. जून २०१० मध्ये, आयफोन ४ हा संच विक्रीस येण्याच्या सुमारास, कंपनीने नव्या ग्राहकांसाठी ३० डॉलरची अमर्याद सेवा बंद केली. तिच्या जागी २०० मेगाबाइटसाठी १५ डॉलर व २ गिगाबाइटसाठी २५ डॉलर असे मोजमापाचे दर आले. मोठ्या दरावर दरमहा २० डॉलर अधिक भरल्यास टेदरिंगची मुभा होती. परंतु या २० डॉलरच्या मोबदल्यात जादा डेटा मिळत नसे; आधीच विकत घेतलेले २ गिगाबाइट दुसऱ्या पडद्यावर वापरण्याचे ते मोल होते. जाळ्यावरील ताणाचे समर्थन येथे लागू पडत नव्हते. वापर मोजून विकला जात असेल, तर तो कोणत्या साधनावर झाला, याने मनोऱ्याला काही फरक पडत नाही. या आकारावर तीव्र टीका झाली.

फेब्रुवारी २०११ मध्ये आयफोनची सेवा व्हेरायझनकडूनही मिळू लागली. तिने पाच साधनांपर्यंतचा वाय-फाय हॉटस्पॉट २० डॉलरला दिला व त्यासोबत २ गिगाबाइट डेटाही दिला. त्याच महिन्यात ए. टी. अँड टी. ने आपल्या २० डॉलरमध्ये तेवढाच जादा डेटा समाविष्ट केला. त्याच सुमारास अनधिकृत टेदरिंगचा संशय असलेल्या ग्राहकांना संदेश जाऊ लागले. हा वापर न थांबविल्यास ४५ डॉलरच्या टेदरिंगसह सेवेत आपली आपोआप नोंद केली जाईल, असा इशारा त्यांत होता. असे संदेश मिळालेल्यांत जुनी अमर्याद सेवा टिकवून ठेवलेले ग्राहक प्रामुख्याने होते.

कायद्याचा हस्तक्षेप : कार्टरफोनचे तत्त्व भ्रमणध्वनीलाही लागू करावे, ही मागणी २००७ मध्ये पुढे आली. विधिज्ञ टिम वू यांनी त्या वर्षी या विषयावर निबंध प्रसिद्ध केला आणि स्काइप कंपनीने आयोगाकडे तशी याचिका दाखल केली. आयोगाने सरसकट नियम केला नाही. तथापि ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचा लिलाव करताना ‘सी’ खंडाच्या परवानाधारकाने ग्राहकाला आपल्या पसंतीची साधने व प्रणाली वापरण्यास अटकाव करू नये, अशी अट जुलै २००७ मध्ये घातली. व्हेरायझनने या अटीला न्यायालयात आव्हान दिले व नंतर ते मागे घेतले. मार्च २००८ मध्ये संपलेल्या लिलावात सी खंडाचे प्रमुख परवाने तिलाच मिळाले. त्यांसाठी तिने सुमारे ४.७ अब्ज डॉलर मोजले. डिसेंबर २०१० मध्ये तिने आपली चौथ्या पिढीची सेवा याच खंडावर सुरू केली.

दरम्यान मे २०१० मध्ये जाहीर झालेल्या अँड्रॉइडच्या २.२ या आवृत्तीत टेदरिंगची सोय अंगभूत होती. तरीही सेवादाते ती बंद ठेवू शकत, म्हणून अनेक ग्राहक स्वतंत्र प्रणालींचा आश्रय घेत. व्हेरायझनच्या ग्राहकांना या प्रणाली अँड्रॉइडच्या बाजारात मिळेनाशा झाल्या. त्यावर ‘फ्री प्रेस’ या संघटनेने जून २०११ मध्ये आयोगाकडे तक्रार केली. कंपनीने अशा ११ प्रणाली ग्राहकांपासून दूर ठेवण्याची विनंती बाजारचालकास केल्याचे आयोगाच्या चौकशीचे म्हणणे होते. ३१ जुलै २०१२ रोजी तडजोड झाली. कंपनीने १२.५ लाख डॉलर भरले आणि मोजमापाने डेटा घेणाऱ्या ग्राहकांना अशा प्रणाली जादा आकाराविना वापरू देण्याचे मान्य केले. मात्र अमर्याद सेवेच्या ग्राहकांकडून टेदरिंगचा आकार घेण्यास तिला मोकळीक राहिली. दोन प्रकारच्या ग्राहकांमधील हा भेद लक्षणीय आहे. बंदीचे एकमेव ग्राह्य कारण दररचनेत होते, याची ती अप्रत्यक्ष कबुलीच होय.

नंतरची स्थिती : २०१२ च्या उन्हाळ्यात व्हेरायझन व ए. टी. अँड टी. या दोन्ही कंपन्यांनी एका कुटुंबातील अनेक साधनांना सामाईक डेटा देणाऱ्या योजना आणल्या. त्यांत टेदरिंग समाविष्ट होते. डेटा वजनावर विकला जाऊ लागताच तो कोणत्या भांड्यात न्यावा, हा वाद आपोआप मावळला. परंतु तो कायमचा मिटला नाही. स्पर्धेमुळे २०१६–१७ मध्ये अमर्याद योजना परत आल्या व त्यांच्याबरोबर जुना भेदही परतला. फेब्रुवारी २०१७ मध्ये व्हेरायझनने सुरू केलेल्या अमर्याद योजनेत जलद हॉटस्पॉटसाठी महिन्याला १० गिगाबाइटची मर्यादा होती. त्यापुढे वेग कमी होई. अशा स्वतंत्र मर्यादा पुढील काळातील अमर्याद योजनांचे नित्याचे अंग बनल्या. पूर्वीच्या निषेधाची जागा अशा रीतीने प्रमाणाने घेतली.

सर्व कंपन्यांना बांधील असा सर्वसाधारण नियम करण्याचे प्रयत्न टिकले नाहीत. अपायकारक नसलेल्या साधनांना अटकाव करू नये, हे तत्त्व आयोगाच्या २०१५ च्या खुल्या आंतरजालविषयक आदेशात होते. तो आदेश डिसेंबर २०१७ मध्ये मागे घेण्यात आला. एप्रिल २०२४ मध्ये आयोगाने तशा स्वरूपाचे नियम पुन्हा केले. ते २ जानेवारी २०२५ रोजी संघीय अपील न्यायालयाने रद्द केले. सी खंडाची अट परवान्याशी निगडित असल्याने या चढउतारांपासून अलिप्त राहिली, परंतु तिची व्याप्ती त्या खंडापुरतीच आहे.

मूल्यमापन : टेदरिंगच्या इतिहासात कंपन्यांनी दोन भिन्न कारणे पुढे केलेली दिसतात. पहिले म्हणजे जाळ्याची मर्यादित क्षमता. ते खरे होते आणि २००९ मध्ये तर प्रकर्षाने जाणवणारे होते. दुसरे म्हणजे एकच सेवा दोन प्रकारच्या ग्राहकांना दोन भावांनी विकण्याची सोय. पहिल्या कारणाच्या आधारे घातलेला निर्बंध दुसऱ्या कारणासाठी चालू राहिला, तेव्हा तो अन्याय्य वाटू लागला. जून २०१० मधील २० डॉलरचा आकार हे त्याचे ठळक उदाहरण होय. हश-अ-फोन व कार्टरफोन यांच्या निर्णयांनी घालून दिलेली कसोटी येथेही उपयोगी पडते : जोडलेल्या साधनामुळे इतरांना प्रत्यक्ष अपाय होतो किंवा कसे, एवढेच पाहावे. तारेच्या दूरध्वनीत ही कसोटी एका सर्वसाधारण नियमाने अंमलात आली आणि तिच्यातून मोडेमसारख्या, नियम करणाऱ्यांच्याही कल्पनेपलीकडील उपयोगांना वाट मिळाली. बिनतारी जगात ती एका कंप्रतापट्ट्याच्या परवान्यापुरती व एका कंपनीशी झालेल्या तडजोडीपुरती अंमलात आली. बाकी सर्वत्र ग्राहकाची मोकळीक दरपत्रकाच्या बदलत्या रचनेवर आणि कंपन्यांमधील स्पर्धेवर विसंबून राहिली. त्यामुळे नव्या संचाची घोषणा होते, तेव्हा त्याच्या यंत्रणेत काय आहे याबरोबरच सेवादाता त्यातील काय वापरू देणार, हा प्रश्नही ग्राहकाला विचारावा लागतो.